दुसरी ओत

जवळा बाजार
११ जानेवारी

शीतलच्या मायेला जळबाचा जयभीम.

तिकडं पुण्यात थंडी फार पडली आहे असं ऐकतो. तुझ्या खोबरेलाची बाटली गोठली असेल. ती गॅसवर धरू नकोस. बाटली प्लास्टिकची आहे, तेलाच्या आधी तीच वितळेल. खिडकीत उन्हाला ठेव, आपोआप पातळ होईल. शीतलच्या घरी ऊन येतं का? तिसऱ्या मजल्यावर येत असावं. पण समोर दुसरी इमारत असेल तर नसेलही येत. मग आंघोळीच्या गरम पाण्यात बाटली उभी कर. तेच बरं.

फोन करू नये असं नाही. पण कानाला मशीन लावलं की फोनमधून नुसती शिट्टी ऐकू येते आणि मशीन काढलं की तीही येत नाही. मागच्या खेपेला शीतल काय बोलली ते कळलंच नाही, मी व्हय व्हय म्हणत राहिलो. कशाला व्हय म्हणालो याची आता काळजी लागली आहे. म्हणून पत्र. सातवीपर्यंत शिकलो ते कुठंतरी कामाला यावं. शीतल, मायेला सगळं वाचून दाखव. मध्ये गाळू नकोस.

जाताना तू म्हणालीस की शीतलच्या बाळाचं नाव ठेवलं की येते. नाव ठेवल्याचं कळलं. धम्मानंद. नाव चांगलं आहे. शाळेत मास्तर नीट लिहितील ना, एवढंच वाटतं.

घरचं बरं आहे. खोकला आहे तसाच आहे. विहारात सत्काराला मिळालेली शाल ट्रंकेत ठेवली आहे. तिच्यात डांबराच्या गोळ्या टाकल्या होत्या. काल उघडून बघितलं तर त्या वाटाण्याएवढ्या उरल्या आहेत. कुठं ओल नाही, डाग नाही. घट्ट गोळी, ती पातळसुद्धा न होता एकदम हवा होऊन जाते. नवीन आणू का? का कडुलिंबाचा पाला पुरेल?

सत्काराच्या दिवशी मी माईकवर बरं बोललो असं अत्तरवाला दस्तगीरपण म्हणतो. तू बायकांच्या रांगेत पुढंच होतीस, तुला ऐकू आलं असेल. ‘हे मेणबत्त्यांचं काम मी एकट्याच्या हातानं उभं केलं, दुसऱ्या हाताची गरज पडली नाही’ असं म्हणालो तेव्हा टाळ्या पडल्या. मला ऐकू आल्या नाहीत, पण हात हलताना दिसले. येताना तू वाटेत काही बोलली नाहीस. दमली असशील.

कधी येतेस ते कळव. घाई नाही. पण कळव.

जळबा


जवळा बाजार
२ फेब्रुवारी

शीतलच्या मायेला जयभीम.

शीतलचं पत्र मिळालं. ‘आई बरी आहे, बाळात रमली आहे, यायचं अजून ठरलं नाही’ एवढंच लिहिलं आहे. ठरलं नाही म्हणजे काय ते कळलं नाही. गाडी ठरली नाही की येणंच ठरलं नाही?

मी विचार करून राहिलो. तुला स्वयंपाकघरातला पत्रा गळतो त्याचा राग असेल. तो मी बसवून घेतला. पावसाला अजून अवकाश आहे, पण बसवून घेतला.

मेणबत्त्यांचं काम चालू आहे. औंढ्याच्या एका दुकानदाराचं मागणं आलं होतं, ते दिलं. काम चांगलं चाललं आहे. फक्त नांदेडच्या व्यापाऱ्यानं या वेळी मेणाच्या लाद्या हलक्या दिल्या असाव्यात. बत्ती साच्यातून काढली की बुडाला खळगा पडलेला असतो. वातीच्या भोवती करंगळी जाईल एवढा. वरून बत्ती गुळगुळीत आणि खालून पोकळ. इतक्या वर्षांत असं कधी झालं नव्हतं. व्यापारी बदलावा काय?

दुसरं असं की चुलीमागं तुझी ती दांडी तुटलेली किटली पडून आहे. आतून मेणाचे थरच्या थर बसलेत. तिच्यात चहा होत नाही आणि दुसरं काही होत नाही. परवा भंगारवाला आला होता. देऊन टाकू का?

शीतल, आता ही ओळ मनात वाच, मोठ्यानं वाचू नकोस. रात्री भाकरी एकच करतो आणि दोन ताटं काढतो. मग एक परत ठेवतो.

सगळ्यांना जयभीम. बाळाला टोपी घालत जा.

जळबा


जवळा बाजार
२६ फेब्रुवारी

शीतलच्या मायेला जयभीम.

या खेपेला तुझा निरोप आला, ‘किटली फेकू नका.’ फक्त तेवढाच. तीन शब्द. पण आला. शीतलनं त्याखाली लिहिलं आहे की ‘बाबा, ताटाची ओळ वाचू नको म्हटलं तरी वाचली गेली, माफ करा.’ माफ केलं. तुझी माय काय म्हणाली ते लिहायचं ना मग.

किटली फेकली नाही. धुतलीपण नाही. धुवायची का?

मला वाटलं, तुला चुलीच्या धुराचा त्रास होतो म्हणून येत नसशील. गॅसची टाकी भरून आणली. चूल फक्त मेणापुरती. तुला काही बोललो असेन तर तेही आठवून बघितलं. मिठावरून बोललो होतो एकदा. पण ते तर पोळ्याच्या सुमारास.

बाजाराच्या दिवशी दस्तगीरच्या शेजारीच बसलो होतो. त्याच्या उदबत्त्या, अत्तरं, माझ्या मेणबत्त्या, नेहमीसारखं. दर्ग्यात लावायला तो माझ्याकडून दर वेळी पुडा घेतो. या वेळी त्यानं एक बत्ती उलटी केली, खालून डोळा लावला, दुर्बिणीतून बघावं तसं माझ्याकडं बघितलं आणि म्हणाला, “भाभी गई तो बत्ती भी खोखली हो गई क्या, जळबा?” आसपासचे लोक हसले. मीपण हसलो. मग घरी येईपर्यंत ते बोलणं डोक्यातून गेलं नाही.

तो चेष्टेनं बोलला. मेणाचाच दोष आहे.

आता खरं तर काही लिहायचं नव्हतं, पण एक गोष्ट आठवली म्हणून लिहितो. आपलं लग्न होऊन पहिलं वर्ष. मी नांदेडहून साचा घेऊन आलो होतो आणि तू विचारलं होतंस की मेण जळतं तर जातं कुठं. मी बत्ती फुंकून विझवली. वातीतून पांढऱ्या धुराची रेघ वर निघाली. मी काडी ओढून वातीला नाही, वर त्या धुराला लावली. जाळ धुरावरनं खाली पळत आला आणि वात पेटली. तू म्हणालीस, “हे जादू व्हय का?” मी सांगितलं, जादू नाही. घट्ट मेणाचं पातळ होतं, पातळ वातीतून वर चढतं, त्याचा धूर होतो आणि जळतो तो धूर. मेण स्वतः कधी जळत नाही. विझलं तरी तो धूर थोडा वेळ वर असतो. तेवढ्यात काडी लावली तर पेटतो. उशीर झाला तर नाही.

तू मला त्या दिवशी पुन्हा पुन्हा बत्ती विझवायला लावलीस. काड्याची पेटी संपली.

काल मी एकट्यानं करून बघितलं. पहिल्या दोन काड्यांना जमलं नाही. तिसरीला पेटली. एकट्यानं करण्यात काही नाही.

जळबा


जवळा बाजार
२० मार्च

शीतलच्या मायेला जयभीम.

ऊन कडक झालं आहे. दुपारी पत्र्याखाली बसवत नाही. बत्त्या ओल्या वाळूच्या रांजणात ठेवल्या आहेत, तरी पोकळ असलेल्या वाकून राहिल्या. भरीव बत्तीला ऊन सोसतं, पोकळीला सोसत नाही. औंढ्याच्या दुकानदारानं माल परत केला. मागच्या पत्रात लिहिलं नव्हतं. आता लिहिलं.

व्यापारी बदलून बघितला. परभणीहून लाद्या आणल्या. खळगा पडतोच.

मग काल एक झालं. दरवेळी मी मेण साच्यात ओतलं की तू मला बाहेर काढायचीस. “धूर छातीत जातो तुमच्या. जा, चहा पिऊन या.” मी दस्तगीरच्या दुकानावर जाऊन बसायचो. परत आलो की तू म्हणायचीस, “उघडा आता,” आणि मी साचा उघडायचो. बत्त्या अशा सरळ, अशा भरीव. मला वाटायचं, मी ओतल्या तशा निघाल्या.

काल बाहेर काढायला कोणी नव्हतं. मी साच्यासमोर बसून राहिलो. इतकी वर्षं मेण ओतलं, पण गोठताना बघितलं नव्हतं. ओतलं तेव्हा काठोकाठ होतं, पाण्यासारखं, साच्याचा तळसुद्धा दिसावा असं. मग कडेनं धुरकट झालं. मग वर साय धरल्यासारखं पांढरं. आणि मग वातीजवळ हळूहळू आत ओढलं जाऊ लागलं. कोणी खालून ओढतंय असं. मी बघत होतो आणि खळगा पडत होता.

दस्तगीरच्या बायकोनं, खुर्शीदबीनं, मागं फ्रीजच्या वरच्या खणात पाण्याची बाटली ठेवली होती, ती फुगून फुटली. पाणी घट्ट झालं की फुगतं. मेण घट्ट झालं की आक्रसतं. म्हणजे प्रत्येक वेळी आक्रसत असणार. नांदेडचं, परभणीचं, कुठलंही. तीस वर्षं आक्रसत असणार. आणि मी घरी येईपर्यंत तो खळगा भरलेला असायचा.

मी उठून चुलीमागची किटली बघितली. आत थरावर थर. ज्याला मी घाण समजत होतो. तिची चोच बरोबर वातीजवळ जाईल एवढीच आहे.

मग मीही किटलीत मेण तापवून दुसऱ्यांदा ओतून बघितलं. पहिल्या वेळी लवकर ओतलं, तर ते पहिल्यातच बुडालं आणि पुन्हा खळगा पडला. दुसऱ्या वेळी उशीर झाला. बत्ती उघडली तर वरची चकती सुटून हातात आली, बाटलीच्या बुचासारखी. गार मेणाला नवीन मेण धरत नाही. मधली वेळ कुठली ती मला सापडली नाही.

शीतल, आता दोन ओळी मनात वाच. तुझ्या मायेला माईकवरचं लागलं का? ती तुझ्याजवळ कधी काही बोलली का?

शाल काढून बघितली. कसर लागलेली नाही. लागली असती तरी चाललं असतं.

जळबा


जवळा बाजार
१६ एप्रिल

शीतलच्या मायेला जयभीम.

जयंती झाली. मिरवणूक चांगली निघाली. निळे झेंडे, लेझीम, सगळं. मला ढोल छातीत ऐकू येतो, मशीनशिवाय, तेवढं बरं आहे.

विहारात माझ्याच बत्त्या होत्या. मी आठवड्यापासून चांगल्या चांगल्या निवडून काढल्या होत्या. पण वंदना चालू असताना मूर्तीपुढची एक बत्ती जळत जळत पोकळीपर्यंत आली आणि जाळ एकदम आत पडला. बत्ती कंबरेत वाकली. भीमराजनं, तो कमिटीचा अध्यक्ष, पुढं होऊन हातानं धरली. हात पोळला त्याचा. वंदना संपल्यावर फक्त म्हणाला, “काका, बुद्ध पुनवंला कळमनुरीहून बी लोकं येनार हायेत. जमंल ना? का बाजारातून आनू?” मी व्हय म्हणालो. या वेळी ऐकू आलं होतं आणि तरी व्हय म्हणालो.

शीतलचं पत्र आलं. तिनं दोन ओळी मोठ्यानंच वाचल्या. तू ऐकून घेतलंस, बाळाला पायावर थोपटत राहिलीस आणि म्हणालीस, “इतक्या दिसांनी इचारतेत व्हय.” आणि मग बऱ्याच वेळानं, “दुसरी ओत कवा घालायची ते हाताला इचारा म्हनावं.”

हाताला विचारलं. काय सांगू. साच्याला उलटा हात लावतो तर मला गरम कळत नाही, कोमट कळत नाही. तरुणपणापासून तापलेलं मेण बोटांवर सांडलं आहे, बोटांच्या टोकांना काही राहिलेलं नाही. पाणी उकळतंय की नाही ते मी वाफ बघून सांगतो. बोट घालून सांगता येत नाही. हे मी तुला कधी सांगितलं नाही. तुला ठाऊक असणार. म्हणून तर तू मला दुसरी ओत कधी शिकवली नाहीस. का दुसऱ्या कशासाठी, ते मला माहीत नाही.

आता माझ्याजवळ विचारायला दुसरा हात नाही.

तू ये असं मी लिहीत नाही. बाळ लहान आहे. शीतलला कामावर जावं लागतं. उन्हाचा प्रवास आहे. फक्त एवढं सांगतो की पुण्याची गाडी सकाळी फाट्यावर थांबते आणि फाट्यापासून घरापर्यंत सावली आहे, सोमेश्वरच्या हॉटेलापर्यंत तरी आहे. पाण्याची बाटली घेतलेली बरी. गोठवलेली घेऊ नकोस, फुटते.

जळबा


जवळा बाजार
२७ एप्रिल

शीतलच्या मायेला.

पुनव शुक्रवारी आहे.

मी रोज सकाळी गाडीच्या आधी मेण तापवून साच्यात ओततो. किटली राखेवर ठेवतो. मग बसून राहतो. गाडीचा आवाज मला येत नाही, पण ती फाट्यावर थांबली की आपला पत्रा थरथरतो, भिंतीला हात लावला की कळतं. गाडी थांबते, गाडी जाते. मेण गार होतं. मग मी साचा उघडून सगळं पुन्हा पातेल्यात टाकतो, वितळवतो आणि उद्यासाठी ठेवतो.

मेणाचं एवढं बरं आहे. कितीदाही पातळ करा, कितीदाही घट्ट करा, ते रुसत नाही. थोडं धुरात जातं तेवढंच. पण रोज थोडं जातं. मी लादी हातात घेऊन बघितली, हलकी वाटते.

साचा लवकर गार होऊ नये म्हणून काहीतरी गुंडाळावं असं वाटलं. गोणपाट होतं, पण त्याची धूळ मेणात पडते. म्हणून शाल गुंडाळली. तिच्यात ऊब चांगली राहते. त्या कामाला ती बरी आहे.

दस्तगीर येऊन बघून गेला. म्हणाला, “दुल्हन को बिठाया क्या, जळबा, शॉल ओढा के?” तो थोडा वेळ माझ्याजवळ बसला. गाडी गेल्यावर उठून गेला.

हे पत्र तुला मिळेपर्यंत पुनव होऊन जाईल. तरी टाकतो.

जळबा


जवळा बाजार
३० एप्रिल

शीतलला बाबांचा जयभीम.

तुझी माय सुखरूप पोहोचली. तू काळजी करत असशील म्हणून आजच्या आज लिहितो. आधी कळवायचं होतंस, मी फाट्यावर आलो असतो. का तिनंच कळवू नको म्हटलं?

आज पत्रा थरथरला, पण मी मान वर केली नाही. रोज करत होतो, आज केली नाही. किटलीखालची राख सारखी करत होतो. मग दारातलं ऊन बंद झालं म्हणून बघितलं तर ती उभी. पिशवी उंबऱ्यात ठेवली, चप्पल पायातच. मला ‘कसे हाव’ नाही, ‘वाळलात’ नाही. सरळ साच्याकडं गेली.

“ही शाल काहून गुंडाळली?”

“गार होऊ नये म्हून.”

“शालीला मेण लागलं तं निघत न्हाई,” म्हणाली. पण शाल काढली नाही. तिच्याखाली हात घातला आणि उलटा हात साच्याला लावून उभी राहिली. बराच वेळ. मी तिच्या तोंडाकडं बघत होतो. तिला काय कळत होतं ते मला तोंडावरून कळतं का बघत होतो. नाही कळलं.

“अजून कोमट हाये,” ती म्हणाली. “किटली आना.”

मी किटली दिली. मग सवयीनं उठलो, टोपी घेतली. इतक्या वर्षांची सवय. दारापर्यंत गेलो तर मागून म्हणाली, “कुठं निघालात? बसा. बघा आज.”

मी बसलो.

ती पाण्यासारखी ओतत नाही, शीतल. मी ओततो तशी तर नाहीच. चोच वातीला लावते आणि वातीवरून मेण खाली सोडते, इतकं बारीक की धार दिसत नाही, फक्त खळगा भरत येताना दिसतो. एक भरला की पुढचा. मध्ये थांबून साच्याला हात लावते. एका ठिकाणी म्हणाली, “ह्याला अजून येळ हाये,” आणि सोडून पुढं गेली, मग परत आली. तो एकच साचा, त्यातही एकीला आधी आणि एकीला नंतर.

बत्त्या उघडल्या. मी चष्मा लावून एकेक उलटी करून बघितली. पहिलं मेण कुठं संपलं आणि दुसरं कुठून लागलं, ती रेघ मी शोधली. सापडली नाही.

भीमराज संध्याकाळी येऊन घेऊन गेला. बोटाला अजून पट्टी आहे त्याच्या. मी त्याला सांगितलं, उद्या माईक असेल तर मला दोन शब्द बोलायचेत. तुझी माय आतून म्हणाली, “काही नगं. बत्त्या बोलतेन.” पण मी बोलणार आहे. तिला सांगू नकोस.

किती दिवस राहणार ते मी विचारलेलं नाही. तिनं सांगितलेलं नाही. रात्री दोन ताटं काढली ती दोन्ही लागली.

एक गोष्ट विचारायची राहिली. केसाला तेल लावायला बसली तर म्हणाली, बाटली तिकडंच राहिली. आता उन्हाळ्यात ते पातळच असेल, गोठायची काळजी नाही, त्यासाठी लिहीत नाही. इथं मी दस्तगीरकडून दुसरी बाटली आणून दिली आहे. पण ती बाटली तिच्याकडून विसरली की परत तिकडं यायचं म्हणून मुद्दाम ठेवून आली, तेवढं मला कळव. फळीवर पुढं ठेवली आहे की मागं ढकलली आहे ते बघितलंस तरी कळेल.

तुझं पत्र तिला मीच मोठ्यानं वाचून दाखवणार आहे, तेव्हा ते शेवटी आणि बारीक अक्षरात लिही.

बाबा